फाटक कधी लावायचं?

दर वर्षी जून लागला की आमच्या पांढरकवड्याच्या घरी पुण्याहून नणंदेच्या मुलाचा फोन येतो. "मामी, जुलैत चार दिवस सुट्टी आहे. टिपेश्वरला जाऊ या ना!" आणि दर वर्षी मी तेच सांगते, अरे बाबा, पावसाळ्यात जंगल बंद असतं. यंदा मात्र तो चिडला. म्हणाला, "सरकारी जंगल, आपल्याच टॅक्सवर चालतं. आपल्यालाच बंद का?"

मी काळ्या मातीचं कारण सांगितलं. आपल्याकडची जमीन एकदा भिजली की चाक रुतलंच समजा. ते काढायला दुसरी गाडी, मग तिसरी, नि रस्त्याची पार वाट. शिवाय गवत वाढलेलं, जनावरांची पिल्लं लहान. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंजवळ विषय काढला. त्यांचं गाव अभयारण्याला लागून. त्यांनी भांडी घासता घासता उलटाच सवाल केला. "ताई, आमी सरपणाले गेलो त गार्ड हटकते. अन् नागपूरच्या गाड्याइले फाटक उघडते. हे कसं काय?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही.

मग वकील असलेल्या दिरांना विचारलं. त्यांनी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून दिला. त्यातलं कलम २७ म्हणतं, अभयारण्यात सरकारी कर्मचारी, तिथे राहायची परवानगी असलेले, आत जमीन असलेले, सरकारी रस्त्याने पलीकडे जाणारे, अशा मोजक्या लोकांनाच प्रवेश. बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक तो अभ्यासासाठी, फोटोसाठी, पर्यटनासाठी देऊ शकतात. म्हणजे बघा, आपण समजतो जंगल उघडं आहे आणि कधीमधी बंद करतात. कायदा समजतो ते बंदच आहे, आपल्याला आत सोडतात ती सवलत! भाच्याला हे ऐकवायला मी आतुर झाले होते. पण सरपणाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातही नव्हतंच.

२०१२ साली सुप्रीम कोर्टाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनच थांबवलं होतं, आठवतंय? २४ जुलैला बंदी आली आणि १६ ऑक्टोबरला नवे नियम घालून उठली. आपलं टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नाही, साधं अभयारण्य आहे, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. पण इथले वाघ काही लहान नाहीत. इथलाच एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला तो शेतं, नाले, रस्ते ओलांडत महिनोन्‌महिने चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

आता माझी चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका जंगलात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. वाघीण दिसली, मागे दोन बछडे. ड्रायव्हरने गाडी लांब थांबवली. मीच म्हटलं, "दादा, थोडं पुढे घ्या ना, मुलांना नीट दिसत नाही." त्याने घेतली. मागून आणखी गाड्या आल्या. वाघिणीने रस्ता ओलांडायचा विचार सोडला आणि ती परत फिरली. एक बछडा मात्र गोंधळून तिथेच बसून राहिला. त्या वेळी आम्ही सगळे खूश होतो. घरी येऊन फोटो दाखवले.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी अडवलं. व्हिडिओ घरोघरी पोचला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. "अजून जरा पुढे" असं कुठल्या तरी गाडीत कुणीतरी म्हटलंच असणार. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

म्हणून मला वाटतं, बछडे लहान असतील तो रस्ता महिनाभर सरळ बंद करावा. उन्हाळ्यात एकाच पाणवठ्यावर सगळी जनावरं येतात, तिथे गाड्या थांबूच देऊ नयेत. हे मी मोठ्या उत्साहाने बाईंना सांगितलं. त्यांचा धाकटा मुलगा गाईड आहे हे मी विसरलेच होते.

त्या म्हणाल्या, "पावसायात बंद ठेवा, आमचं काई म्हणनं नाई. तवा निंदनाले जाता येते. पण उन्हायात वावरात काम कुठं असते ताई? तवा बंद केलं त घरात काय शिजवू?"

बघा, किती सरळ हिशोब! जनावरांना गाड्यांचा जाच सगळ्यात जास्त उन्हाळ्यात, आणि गाईडच्या घरात पैशाची गरजही तेव्हाच. पुस्तकात वाचून हे मला कळलं नसतं. आता माझं म्हणणं असं झालंय की अख्खं फाटक लावण्याऐवजी तेवढाच रस्ता बंद करा, आधी गावात सांगा, आणि त्यामुळे ज्या गाईडची फेरी बुडेल त्याला प्रवेश फीतून दिवसाची मजुरी द्या.

बाईंना मजुरीचं पटलं. सरपणाचं मात्र त्या विसरल्या नाहीत. "२०१८ मधी त आमचं वावरच बंद होतं," त्या म्हणाल्या. खरंच की. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसं गेल्याचं ज्या वाघिणीवर आलं, ती २ नोव्हेंबरला मारली गेली. त्याआधी ऐन कापूस वेचणीत बाया एकट्या वावरात जायला धजत नव्हत्या. कुठलाही हुकूम निघालेला नसताना.

भाच्याला फोन केला. सांगितलं, ऑक्टोबरात ये, आणि गाडीत ड्रायव्हरला घाई करायची नाही. जो रस्ता बंद म्हणतील त्याच्यावर वाद घालायचा नाही.

"आणि मामी, वाघ नाहीच दिसला तर?"

"तर केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घेऊ. घरी पाटोडीचा रस्सा करीन."

तिकिटं काढली म्हणतो.