प्रशिक्षणानंतरचं वर्ष कोण सांभाळतं?

उन्हाळ्याच्या तोंडावर गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांतून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांत शिक्षण अर्धवट सुटलेली, बारावी होऊन घरी बसलेली पोरंपोरीही असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. वर्ष कामानं भरतं, पण पुढच्या वर्षी जास्त मजुरी मिळवून देईल असं कसब पदरी पडत नाही. अशा तरुणांना कामाला लावण्यासाठी या दोन जिल्ह्यांत दानाच्या पैशावर बरंच काही उभं राहिलं आहे. त्यातलं काय टिकलं आणि का टिकलं, हे पाहायला हवं.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की वाट बंद. तिथल्या मुलाला ‘मोफत प्रशिक्षण’ मोफत पडत नाही. खोलीचं भाडं, जेवण, एसटीचं तिकीट आणि त्या महिन्यांत बुडालेली मजुरी, हा सगळा भार घरावर येतो. वर्गात शिकवायला पैसा मिळतो. मुलाला वर्गापर्यंत आणायला आणि शिकून झाल्यावर पायावर उभं राहीपर्यंत सांभाळायला मिळत नाही. माझ्या मते खरी गळती इथेच होते.

बाबा आमटे यांना ही गळती फार लवकर दिसली होती. त्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू केलं. तेव्हा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसालाही कोणी कामावर घेत नसे. औषधानं तो बरा होई आणि पुन्हा भिकेला लागे. म्हणून दवाखान्याला लागूनच शेती आली, हातमाग आले, सुतारकाम आलं. पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, अपंग तरुणांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन निघालं. शिकण्याची जागा आणि कमावण्याची जागा एकाच आवारात असल्यानं मधल्या काळात माणूस हरवत नाही. आनंदवनाचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. मूलजवळच्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमिक विद्यापीठ काढायचं बाबांचं स्वप्न होतं. ते मनासारखं साकारलं नाही. तिथली श्रमसंस्कार छावणी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी पाहिली. त्या विद्यापीठाची गरज आजही तेवढीच आहे.

भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली. माडिया आदिवासी मुलांसाठी या शाळेत पुस्तकाइतकंच वसतिगृह महत्त्वाचं ठरलं. दोन वेळचं जेवण, आजारपणात शेजारीच दवाखाना, आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्यासारखी वर्षानुवर्षं न बदलणारी माणसं. या शाळेतली मुलं पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. देणगी मागताना वसतिगृहाच्या डाळ-तांदळाचं कोणी मोठ्यानं सांगत नाही, पण ही मुलं त्याच्यावरच टिकली.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं मुलांना बाहेर काढण्याऐवजी काम गावात नेलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि आरोग्यदूत केलं. या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि घरोघरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. शाळा सुटलेल्या बाईच्या हातात एवढं जबाबदारीचं काम देता येतं, हे गडचिरोलीनं दाखवलं. प्रशिक्षण एकदाच देऊन संस्था थांबली नव्हती. देखरेख आणि पुन्हापुन्हा शिकवणं चालूच राहिलं.

बुरडकामाचे, शिवणकामाचे चार-सहा आठवड्यांचे वर्ग गावोगावी होतात. माल विकायची सोय नसेल, तर शिकलेली मुलगी परत रोवणीलाच जाते. दात्यांनी संस्थेला उपस्थितीचा आकडा विचारू नये. वर्षभरानंतर कोण कामावर आहे, ते विचारावं. दुसरीकडे सूरजागडच्या लोहखाणीमुळे चालक आणि यंत्रचालकांची मागणी वाढली आहे. मुलांना ते काम हवंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण गावात राहून जगण्याचा दुसरा रस्ताही त्यांच्यासमोर असला पाहिजे.

तो रस्ता धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं काढला. गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्याबरोबर गावातच नवी कामं निर्माण झाली: बांबूची मोजणी, परवाने लिहिणं, मजुरीचे हिशेब, बँकेचे व्यवहार. कोरची तालुक्यात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेच्या सोबतीनं ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली. तिथेही लिहिता-वाचता येणाऱ्या पोरापोरींना असं काम आहे. ग्रामसभांना पैसा देणारा तेंदूचा हंगाम मात्र जेमतेम काही आठवड्यांचा. हिशेब सांभाळणाऱ्या तरुणाला बारा महिने मानधन देणं लहान ग्रामसभेला जड जातं. त्याला जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करता यावा, लिलावात ठेकेदाराशी बरोबरीनं बोलता यावं, यासाठी सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे मानधन देणारे दाते हवे आहेत.