गळाला माणूस लागला तर…

पावसाळा सरला, समुद्र निवळला आणि दिवाळीची सुटी लागली, की मुंबईकरांना आमचा पालघरचा किनारा आठवतो. २०१३ साली लोकल गाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तेव्हापासून केळवे रोड, पालघर, बोईसर ही स्टेशने त्यांच्या अगदी ओळखीची झाली आहेत. कोणी केळव्याच्या पुळणीवर उतरतो, कोणी चिंचणी-तारापूर गाठतो, कोणी सातपाटी आणि मुरबे यांच्यामधल्या खाडीकाठी बसतो. बरोबर फराळाचा डबा असतो, चहाचा थर्मास असतो आणि एखाद्याच्या काखेत गळाची काठीही असते.

इथल्या कोळी-मांगेला मंडळींचा मुख्य धंदा जाळ्यांचा. सुटीच्या दिवशी गळ टाकून बसणे हा पुष्कळसा हौसेचा भाग, आणि या हौसेची जखमही बहुधा हौशी माणसाच्याच वाट्याला येते. मी या भागात बरीच वर्षे दवाखाना चालवितो. फटाक्याने भाजलेली मुले आणि गळ रुतलेली बोटे हे माझे दिवाळीतले दोन ठरलेले पाहुणे! पहिल्या पाहुण्याबद्दल वर्तमानपत्रे दरसाल लिहितात. म्हणून आज दुसऱ्याबद्दल चार शब्द.

सगळ्या लेखाचे सार एका ओळीत सांगावयाचे, तर मासा गळाला लागला की ओढावे आणि माणूस लागला की थांबावे.

उलट्या काट्याची करामत

गळ हातात घेऊन नीट पाहा. एका टोकाला तंगूस बांधण्याचा डोळा, मग सरळ दांडा, मग बाक, आणि शेवटी अणकुचीदार टोक. त्या टोकाच्या जरा अलीकडे आतल्या अंगाला एक बारीकसा उलटा काटा असतो. टोक आत शिरताना तो मुकाट्याने मागे मागे जातो. मात्र गळ मागे ओढला की तो मांसात रुतून बसतो. मासा सुटू नये म्हणूनच तर त्याची योजना! माणसाचे बोट आणि माशाचा जबडा यांत तो काही फरक करीत नाही.

एकदा एक मामा आपल्या भाच्याला घेऊन दवाखान्यात आले. मामांनी फेकण्यासाठी काठी मागे नेली, भाचा नेमका मागेच उभा होता आणि गळ त्याच्या कानाच्या पाळीत शिरला. किनाऱ्यावर पाचजण जमले, पाच सल्ले मिळाले आणि त्यांतल्या दोघांनी ओढूनही पाहिले. गळाचे भोक होते मुगाच्या दाण्याएवढे. ओढाओढीने पाळी बोटाच्या पेराएवढी फाटली होती. पोराने मला एकच विचारले, "डॉक्टरकाका, ओढणार नाही ना?"

मी ओढला नाही. जागा बधिर केली, टोक आणखी पुढे ढकलून पाळीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढले, उलटा काटा पकडीने कापला आणि बिनकाट्याचा गळ आल्या वाटेने अलगद सोडविला. हे काम पाच मिनिटांचे. फाटलेल्या पाळीला मात्र बरे व्हायला तीन आठवडे लागले.

आधी काय करावे?

प्रथम तंगूस कापावा. गळावर मासा जिवंत असेल, तर त्याच्या प्रत्येक हिसक्याने जखम वाढते. म्हणून तो आधी सोडवावा. आमिष काढून टाकावे. तीन तोंडांचा गळ असेल, तर मोकळी तोंडे कापावीत किंवा कापडाने गुंडाळावीत, नाहीतर सोडविणाऱ्याचेच बोट अडकते. मग बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने जागा धुवावी. खाडीचे पाणी त्यासाठी वापरू नये.

उलटा काटा कातडीबाहेरच राहिला असेल, तर गळ हळूच मागे घेतला की सुटतो. काटा आत गेला असेल, तर दवाखान्याची वाट धरलेली बरी. पण समजा, होडी दूर आहे, संध्याकाळ झाली आहे आणि गळ हाताच्या पाठीवर किंवा दंडात वरवर रुतला आहे. अशा वेळी एक दोऱ्याची युक्ती आहे. १९६१ साली कुक नावाच्या डॉक्टरांनी ती ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि पुढे ती जगभर पोचली. मजबूत दोरा गळाच्या बाकात अडकवावा. गळाचा डोळा आणि दांडा एका बोटाने कातडीवर दाबून धरावा. त्याने आतला काटा मांसातून मोकळा होतो. मग दांड्याच्या दिशेने, कातडीला समांतर असा एकच झटकन हिसका द्यावा. गळ सुटून उडतो, म्हणून समोर कोणी उभे राहू नये. कानाची पाळी किंवा ओठ अशा हलत्या, मऊ भागावर हा प्रयोग चालत नाही. दांड्यावरही काटे असलेल्या गळाला तर तो मुळीच करू नये.

जेथे हात लावू नये

डोळा आणि पापणी, चेहरा, मान, सांधे, तळहात. या ठिकाणचा गळ आहे तसा ठेवून रुग्णालय गाठावे. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तरीही तेच. डोळ्यात गळ गेला तर चोळू नये, धुऊ नये, औषध घालू नये. कागदी पेला उपडा ठेवून, डोळ्यावर यत्किंचितही दाब न येईल असा चिकटपट्टीने बसवावा. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नये. इथे गळ ओढणारा हात दृष्टी घालवू शकतो.

गळ निघाला, पुढे?

साबण आणि वाहते पाणी यांनी जखम पाच-दहा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तपकीर भरू नये. "गळ गंजका नव्हता, मग धनुर्वाताचे इंजेक्शन कशाला?" असे मला नेहमी विचारतात. धनुर्वात गंजाने होत नाही. माती-घाणीतले जंतू खोल जखमेत शिरल्याने होतो, मग गळ कितीही चकचकीत असो. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी लस मिळते. त्यांच्या वडिलांना शेवटची केव्हा टोचली, हे घरात कोणालाच आठवत नाही! अशा मळक्या जखमेनंतर, शेवटच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी.

दोन दिवस लक्ष ठेवावे. लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू फार झपाट्याने पसरतात. मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये.

आणखी एक. गळाला शिंगाळा लागला, तर गळापेक्षा त्याचा काटा जपावा. तो विषारी असतो. टोचल्यास सोसवेल इतक्या ऊन पाण्यात, पण ४५ अंशांच्या वर नको, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहावे. वेदना उतरते, तरीही काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या आनंदात डॉक्टरांनी हे काय भलते काढले! तर ऐका, मुलांना घेऊन खुशाल या. गळ फेकण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि फराळाच्या पिशवीत एक पक्कड टाका. तिने मुलांच्या गळांचे उलटे काटे घरीच चेपून आणा. एखादा मासा निसटेल खरा. पण रावस काय, सातपाटीच्या बाजारातही मिळतो!