सोनोग्राफी नॉर्मल, मग गर्भ का रुजत नाही?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या अनेक जोडप्यांच्या फाइलमधले रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतात. तरीही आयव्हीएफचे एक-दोन प्रयत्न वाया गेलेले असतात. लोकलची गर्दी, ऑफिसची रजा, डोक्यावरचे कर्ज आणि नातेवाइकांचे टोमणे सोसत पुढच्या प्रयत्नाची तयारी सुरू होते. त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करायला हवी का?

गर्भ याच अस्तरात रुजतो. दर पाळीला त्याचा वरचा थर गळून पडतो, खालचा मात्र तसाच राहतो. तिथे जंतुसंसर्गामुळे सौम्य दाह रेंगाळला, तर त्याला ‘क्रॉनिक एंडोमेट्रायटिस’ म्हणतात. एंडोमेट्रिऑसिस हा आजार वेगळा. या दाहात ताप येत नाही. कधी दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसतात, ओटीपोट जड वाटते, अंगावरून पांढरे जाते. अनेकींना तर काहीच त्रास नसतो. सोनोग्राफीतही तो सहसा दिसत नाही.

निदानासाठी अस्तराचा लहानसा तुकडा काढून बायोप्सी करतात. निरोगी अस्तरात क्वचितच दिसणाऱ्या प्लाझ्मा पेशी ‘सीडी-१३८’ चाचणीने शोधल्या जातात. दाह आढळल्यास बहुधा १४ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करून अस्तर बरे झाल्याची खात्री करतात. ही तपासणी सरसकट सर्वांसाठी नाही. वारंवार गर्भपात झाले किंवा आयव्हीएफ पुन्हा पुन्हा अपयशी ठरले, तर तिचा विचार होतो.

आपल्याकडे आणखी एक शक्यता विसरून चालत नाही, ती म्हणजे क्षयरोग. खोकला नसतानाही त्याचे जंतू रक्तावाटे गर्भनलिका आणि अस्तरापर्यंत पोहोचतात. अशी शंका असल्यास नमुना दोन बाटल्यांत जावा लागतो : एक फॉर्मेलिनची, दुसरी सलाइनची. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. मग त्या नमुन्यातून कल्चर करता येत नाही.

क्षयाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ते मोफत मिळते. मात्र एकदा बंद झालेल्या गर्भनलिका औषधाने उघडतीलच असे नाही. म्हणूनच निदान वेळेत व्हायला हवे. आणि अर्ध्यावर औषध सोडणे किंवा मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून घेणे, दोन्ही टाळावे.