"ताई, तू जवळच आहेस ना!"

वन-नॉर्थ हे नाव कुठून आले, असे गावाकडचे पाहुणे हमखास विचारतात. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण एक अंशावर, म्हणून वन-नॉर्थ. मुंबई एकोणीस अंशांवर. नकाशात दोन्ही शहरे तशी जवळच दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

बायोपोलिस-फ्यूजनोपोलिसमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी घरांतून हे चित्र नेहमीचे: आई-बाबा साताऱ्याला, भाऊ न्यू जर्सीला, बहीण इथे. आईला दवाखान्यात हलवले की भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, तू जवळच आहेस ना, तू पुढे हो." त्याचेही खोटे नाही. नेवार्क ते मुंबई सुमारे 12,500 कि.मी.; थेट विमानानेही पंधरा-सोळा तास. चांगी ते मुंबई सुमारे 3,900 कि.मी., साडेपाच तास.

पण ताईला जायचे असते साताऱ्याला! तेव्हा मंडळी, घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू या. वन-नॉर्थहून चांगी टॅक्सीने अर्धा तास. (एमआरटीने ब्यूना व्हिस्टा आणि तानाह मेराह इथे गाडी बदलत तासभर; पण अशा वेळी एमआरटी कोण धरतो?) उड्डाणाआधीचे तीन तास. विमानात साडेपाच. मुंबईला इमिग्रेशन आणि सामान, दीड तास. पुढे मोटारीने साताऱ्यापर्यंत पाच-सहा तास, तेही घाटात गाड्या तुंबल्या नसतील तर. झाले सोळा तास! आणि पुढच्याच विमानात जागा मिळाली, असे धरून. याच हिशेबाने भावाला सव्वीस तास लागतात. म्हणजे अंतर तिप्पट, पण फरक दहा तासांचा. "जवळ" म्हणतात ते एवढेच.

थेट पुण्याला उतरता आले तर मोटारीचे निदान तीन तास वाचतात. विस्ताराने डिसेंबर 2022 मध्ये पुणे-सिंगापूर विमान सुरू केले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली. अशा सेवा चालू-बंद होत असतात, म्हणून वेळापत्रक अधूनमधून बघून ठेवलेले बरे.

घड्याळाचीही एक गंमत आहे. सूर्याच्या हिशेबाने मुंबई आपल्यामागे दोनच तास. पण 1 जानेवारी 1982 ला मलेशियाबरोबर सिंगापूरनेही घड्याळ अर्धा तास पुढे केले, आणि फरक अडीच तासांचा झाला. साताऱ्याहून रात्री साडेदहाला आलेला फोन आपल्याकडे एकला वाजतो. तेवढ्या रात्री कागद शोधत बसू नये. पीआर असाल तर री-एंट्री परमिटची मुदत, सिंगापूरचे नागरिक झाला असाल तर ओसीआय कार्ड, हे पासपोर्टाशेजारीच असावे.

आणि मुंबईहून साताऱ्याची गाडी भावाने ठरवावी. त्या वेळी न्यू जर्सीत दिवस असतो, आणि डॉक्टरांशी बोलायला, पैसे पाठवायलाही तोच मोकळा असतो.