गाडीतला गॅस गीझर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोडशेडिंगने हैराण झालेल्या नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत गॅस गीझर आला आणि रुळला. वीज नसली तरी नळ सोडला की गरम पाणी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना, ओटा आणि छोटं बाथरूम बांधून घेणाऱ्यांना घरचाच गीझर गाडीत हवासा वाटतो. तो बसवण्याआधी पुढचे गैरसमज दूर व्हायला हवेत, कारण इथे चूक झाली तर जीव जातो.

गैरसमज: घरात इतकी वर्षं चालला, गाडीतही चालेल.
वस्तुस्थिती: घरगुती गीझर जळणासाठी त्याच खोलीतली हवा घेतो आणि धूरही तिथेच सोडतो. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्याला दीड-दोन घनमीटर हवा लागते. गाडीतलं ३ बाय ३ फुटांचं, साडेसहा फूट उंच बाथरूम घ्या: त्यात एकूण हवाच सुमारे १.६५ घनमीटर असते. दार लावलं की गीझर आणि माणूस एकाच हवेवर जगतात.

गैरसमज: वास आला नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती: गळती कळावी म्हणून एलपीजीत मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम मिसळतात. अपुऱ्या हवेत गॅस जळला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. असं कोणी आढळलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा. पिवळी ज्योत आणि काजळी ही अर्धवट जळण्याची खूण आहे. पण ज्योत निळी आहे म्हणून बंद खोलीत गीझर चालवू नये.

गैरसमज: एक्झॉस्ट फॅन लावला की झालं.
वस्तुस्थिती: बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन गीझरचा धूरच उलटा खोलीत ओढू शकतो. खरा उपाय म्हणजे बंद जळणकक्षाचा, गाडीसाठीच बनवलेला गीझर. तो हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. तो मिळत नसेल तर साधा गीझर गाडीबाहेर उघड्यावर लावावा, गाडी उभी असतानाच पेटवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा. गीझर उघड्या दारा-खिडकीजवळ नसावा, नाहीतर धूर आत शिरेल.

गैरसमज: सिलिंडर कुठंही बांधलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: सिलिंडर उभंच हवं. आडवं पडलं तर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव शिरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असावं. गाडी चालताना गॅस बंदच ठेवावा. हादऱ्यांनी सांधे ढिले होतात, म्हणून प्रत्येक प्रवासाआधी साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी पेटवून तपासणं घातक आहे. घरच्या जोडणीचं १४.२ किलोचं सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतं. ते गाडीत नेऊ नये.

गैरसमज: टाकीत पाणी असलं की गीझर पेटतो.
वस्तुस्थिती: पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकला, तरच गॅस सुटतो. गाडीत त्यासाठी १२ व्होल्टचा पंप लागतो. मिनिटाला ६ लिटरने १०० लिटरची टाकी सतरा मिनिटांत रिकामी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हा हिशेब लगेच पटेल. शिवाय बोअरच्या जड पाण्याचा क्षार गीझरच्या नळीत बसतो, म्हणून वर्षातून एकदा तरी गीझर साफ करून घ्यावा.

दोन अलार्म बसवाच: कार्बन मोनॉक्साइडचा झोपण्याच्या जागेजवळ, एलपीजीचा जमिनीलगत. बांधणी करणारा "काही होत नाही" म्हणाला, तर धूर कुठून बाहेर जाणार ते त्याला दाखवायला सांगा. ती वाट दिसली नाही, तर गाडीत गीझर नको. गाडीबाहेर शेगडीवर पातेलंभर पाणी तापवलं तरी अंघोळ होते.