काजव्यांचा थंड दिवा

मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर भंडारदरा, राजमाची परिसरातील हिरडा-बेहड्याची झाडे रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. हा प्रकाश निर्माण होतो तरी कसा?

काजव्याच्या पोटाच्या टोकाकडील पेशींमध्ये ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश बाहेर पडतो. त्यासाठी एटीपी हे पेशीतील ऊर्जावाहक रसायनही लागते, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले. प्रयोगांसाठी ते शहरातील मुलांकडून शंभराला २५ सेंट या दराने काजवे विकत घेत! पुढे याच प्रक्रियेचा उपयोग अन्नपदार्थांतील जिवाणूंचा माग काढण्यासाठी होऊ लागला. जुन्या विजेच्या दिव्यात बहुतांश ऊर्जा उष्णतेपायी वाया जाते. काजव्याचा दिवा मात्र थंडच राहतो.

हा लखलखाट अर्थातच पर्यटकांसाठी नसतो. नर लुकलुकून मादीला साद घालतो, मादी आपल्या प्रकाशाने उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. मोटारींच्या आणि विजेऱ्यांच्या झोतात ही साद हरवली, तर अंडी घातली जाण्याची संधीच हुकते. अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात. म्हणून वाट सोडून झाडाखाली शिरणेही घातकच. अंधाराला डोळे सरावण्यास वीसेक मिनिटे लागतात. तेवढा वेळ विजेरी बंद ठेवल्यास ती पुन्हा लावण्याची गरज सहसा भासत नाही.