नवा क्लच बसवूनही गिअर पडेना. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी काय तपासावे?

बंगळुरू : क्लच बदलून गाडी गॅरेजबाहेर पडते आणि पहिल्याच सिग्नलवर गिअर अडू लागतो. अशा वेळी नवी क्लच प्लेटच सदोष निघाली, असा समज होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि तो गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होऊ शकतो. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा म्हणजे मजुरीचा भुर्दंड दुसऱ्यांदा; त्यामुळे आधी लक्षण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

बंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न अधिक जाचतो. टॉमटॉम संस्थेच्या 2022 च्या वाहतूक निर्देशांकानुसार शहराच्या मध्यवर्ती भागात 10 किलोमीटर अंतरासाठी सरासरी 29 मिनिटे 10 सेकंद लागत होते. अशा रांगत्या वाहतुकीत क्लच सतत दाबावा लागतो आणि जोडणीतील लहानशी उणीवही लगेच जाणवते.

इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते. पेडल दाबताच रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला रेटते, क्लच प्लेट सुटी होते आणि इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचणे थांबते.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडतात किंवा रिव्हर्स टाकताना खरखर होते, याचा अर्थ प्लेट पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत पेडल दोन-तीन वेळा दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर नळीत हवा अडकल्याचा संशय घ्यावा. ती काढणे हे तुलनेने सोपे काम आहे. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरची गळतीही तपासावी. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये केबल सैल असल्यास हीच तक्रार उद्भवते. या गोष्टी ठीक असतील, तरच प्लेट उलटी बसली आहे का किंवा सुटा भाग चुकीच्या मॉडेलचा आहे का, हे पाहण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा.

याउलट, इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. केबल गरजेपेक्षा ताणलेली असेल, तर पेडल न दाबताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. केबल योग्य असूनही घसरण थांबत नसल्यास इंजिनाच्या मागील सीलमधून झिरपलेले तेल प्लेटवर पडले असण्याची शक्यता असते. सील न बदलता पुन्हा नवी प्लेट टाकल्यास तीही खराब होते.

गाडी सुटताना हादरत असेल, तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, प्लेटवर लागलेले ग्रीस आणि इंजिन माउंटिंग तपासावेत. पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. पेडल सोडल्यावर येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो.

नव्या प्लेटला फ्लायव्हीलशी जुळण्यासाठी काहीशे किलोमीटर लागतात. त्या काळात किंचित हादरा जाणवू शकतो. मात्र गिअर अडणे किंवा क्लच घसरणे हे ‘सवयीने जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. चढावर किंवा उड्डाणपुलावरील कोंडीत गाडी अर्ध्या क्लचवर न रोखता हँडब्रेक वापरावा.

बिलावर सुट्या भागांचे क्रमांक आणि वॉरंटी नोंदवून घ्यावी, काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. सदोष सेवेबाबत दाद मिळत नसल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते. तेथे बिल हाच पहिला पुरावा असतो.